मेण कुठलं लावू?

पाडव्याला गाडी ताब्यात घ्यायला गेलो, तेव्हा शोरूममधल्या मुलानं चावी देण्याआधी एक फाईल पुढे सरकवली. आत तीन पानं, तिन्हींवर आरशासारख्या बॉनेटचे फोटो. "मॅडम, सिरॅमिक कोटिंग करून घ्या. नाइन-एच हार्डनेस. तीन वर्षं बघायलाच नको." किंमत २२,००० रुपये. सात वर्षांच्या हप्त्यांवर नुकत्याच सह्या केलेल्या माणसाला २२,००० म्हणजे पेढ्यांचा खर्च वाटतो, हे त्या मुलाला चांगलं ठाऊक असावं. मी जवळजवळ हो म्हणाले होते. बाबा सोबत होते. ते म्हणाले, "नको नको, पॉलिश आम्ही घरीच करतो."

मुलगा हसला. नम्रपणे, पण हसला. आणि मला बाबांची थोडी लाज वाटली, हे आधीच सांगून टाकते. पुढे लागणार आहे.

बाबांची गाडी म्हणजे लाल मारुती ८००. १९९९ मध्ये घेतलेली, सेकंडहँड. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आम्ही तासगावला राहायचो, आणि आमच्या गल्लीत चारचाकी असलेलं आमचं दुसरं घर. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडीचं पॉलिश व्हायचं. बाबा जुनी बनियन फाडून तिचे चार तुकडे करायचे, एका चपट्या डबीतून मातकट रंगाची पेस्ट काढायचे आणि बॉनेटपासून सुरुवात करायचे. आम्हा दोघा भावंडांना दरवाजे मिळायचे. घासता घासता पांढरी बनियन लाल व्हायची. अगदी कुंकवासारखी. मला ते फार आवडायचं. काम केल्याचा पुरावा हातात यायचा. संध्याकाळी गाडी अशी चमकायची, की समोरच्या घराच्या खिडकीचे गज तिच्यात मोजता यायचे. दुसऱ्या दिवशी तिला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, आणि गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत एक फेरी.

ती लाल बनियन म्हणजे गाडीचाच रंग होता, हे कळायला मला वयाची तेहतीस वर्षं आणि एक निळी गाडी लागली.

झालं असं, की गाडी दोन महिन्यांची असताना एका रात्री मी ऑफिसातून उशिरा आले. पार्किंगमध्ये नवे एलईडी दिवे लावले होते. त्या उजेडात बॉनेटवर मला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसलं. हात फिरवला तर काही लागेना. मोबाईलचा टॉर्च मारला, तर दिव्याभोवती शेकडो बारीक ओरखडे, गोल गोल, जसे स्टीलच्या ताटात काथ्यानं घासल्यावर उमटतात तसे. गडद निळा रंग घेऊ नका, असं सगळे का सांगत होते ते कळलं. त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत गाड्यांच्या रंगाबद्दल वाचत बसले. दुसऱ्या दिवशी परत. मग हे माझं व्यसनच झालं. ज्यांना गाड्यांचं वेड नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सहन करावेत, त्यांच्याशिवाय पुढचं उभं राहत नाही.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंजापासून वाचवणारा एक थर असतो, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपण ज्याच्याकडे बघून 'काय गाडी आहे' म्हणतो, तो भाग केसापेक्षाही पातळ. ऊन, पक्ष्यांची शीट, बोअरचं जड पाणी, धुळीचं फडकं, सगळं त्या पातळ थरावर येतं.

बाजारात पॉलिश आणि मेण या दोन्हींना सरसकट 'पॉलिश'च म्हणतात, पण ती दोन उलटी कामं आहेत. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ओरखडा म्हणजे एक चर. पॉलिश तो चर बुजवत नाही, आजूबाजूची जमीन खाली आणतं. दर वेळी एखाददोन मायक्रॉन जातात. मेण काही काढत नाही, वर एक थर चढवतं. तोही मायक्रॉनपेक्षा पातळ. ऊन-पाणी आधी त्याला खातं. दोन महिन्यांनी तो संपतो, मग पुन्हा लावायचा. इंग्रजीत अशा थराला जे विशेषण आहे त्याचा सरळ अर्थ 'बळी जाणारा'. बाबांच्या काळातल्या बऱ्याच साध्या रंगांच्या गाड्यांवर क्लिअर कोट नसायचाच. वरचा थर म्हणजे थेट रंग. त्यावर घासणारी पेस्ट फिरवली की रंगच फडक्यावर यायचा. बाबांनी तेरा दसरे गाडी घासली. २०१२ मध्ये विकली, तेव्हा बॉनेटच्या मधोमध ताटाएवढा राखाडी प्रायमर उघडा पडला होता. घेणारा म्हणाला, उन्हानं गेलाय. आम्हीही तेच समजत होतो.

आता ओरखडे कोणी पाडले? याचं उत्तर मला पाच मिनिटांत सापडलं. आमच्या सोसायटीत पहाटे साडेपाचला एक तरुण गाड्या पुसायला येतो. महिन्याला ६०० रुपये. एक बादली, एक फडकं. धुळीचे कण फडक्यात अडकतात आणि तेच पुढच्या गाडीवर फिरतात. गाड्यांची निगा सांगणारे सगळे जण एका गोष्टीवर ठाम असतात: किमान दोन बादल्या हव्यात. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायला. एका गाडीला दोन. मी दुसऱ्या दिवशी पहाटे अलार्म लावून खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला काम करताना बघत होते.

मी त्याला टॉर्चच्या उजेडात ओरखडे दाखवले. तो वाकून बघत राहिला. म्हणाला, "ताई, हे सगळ्याच गाड्यांना असतं."

"तुमच्या फडक्यामुळं होतं, दादा. पाणी बदलायला हवं दर गाडीला."

"बदललं असतं की. एकच बादली मिळते."

"कोण देतं एकच?"

"सोसायटीनंच ठरवलंय ना. एप्रिलपासून. अठरा गाड्यांना एक बादली. वॉचमन मोजून देतो."

एप्रिलची ती बैठक मला आठवली. टँकरचा खर्च वाढला होता. गाड्या धुण्यासाठी पाणी बंद, फक्त पुसायला एक बादली, असा ठराव आला होता. त्याच बैठकीत दुसरा विषय होता गेटजवळच्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटण्याचा, कारण त्याखाली लावलेल्या गाड्यांवर बगळ्यांची शीट पडते. शीट रंगाला खरंच वाईट, तिच्यातलं आम्ल उन्हात क्लिअर कोटला खातं. दोन्ही ठरावांना मी हात वर केला होता. दुसऱ्या हातात मोबाईल होता, बहुतेक मी काहीतरी वाचत होते. झाड आता हात कापलेल्या माणसासारखं दिसतं. बगळे पलीकडच्या सोसायटीत गेले.

मी काय केलं असेल? तुम्ही असता तर काय केलं असतं? मी त्याला पैसे तेवढेच देईन, पण माझी गाडी तुम्ही पुसू नका, असं म्हणाले. मला ते उदारपणाचं वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्याला ते तसं वाटलेलं नाही. "काम न करता कसे घेऊ ताई?" म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. मग मी घाईघाईनं म्हणाले, नाही नाही, पुसा, मी चांगली फडकी आणून देते. मायक्रोफायबरची सहा फडकी मागवली. राखाडी, मऊ, काठाला शिवण नसलेली. ती दिली. आठवड्यानं पाहिलं तर हातात तेच जुनं फडकं.

"ती नवी कुठे आहेत?"

"आहेत ना घरी. इतकी चांगली फडकी, घाण कशी करायची?"

मला हसू आलं, आणि लगेच थांबलं. आमच्या घरातल्या टीव्हीच्या रिमोटला अजून प्लॅस्टिक आहे. आईनं पाहुण्यांसाठी ठेवलेला कपांचा सेट पंचवीस वर्षांत चारदा बाहेर निघाला असेल. नव्या सोफ्यावर चादर, चादरीवर जुनी चादर, आणि आपण बसायचं त्या जुन्या चादरीवर. वस्तू वाचवण्यासाठी तिच्यावर दुसरी वस्तू घालायची, मग ती चांगली निघाली तर तिच्यावर तिसरी. गाडी वाचवायला मी फडकी दिली, आणि फडकी वाचवायला त्यानं गाडीवर जुनंच फिरवलं. यात त्याचं काय चुकलं, ते मला अजूनही सांगता येत नाही.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न बसला तो बसलाच. एखादी गोष्ट टिकवतो म्हणजे आपण तिची झीज थांबवत नाही. थांबत नाहीच ती. आपण ती दुसऱ्या कशावर तरी ढकलतो. रंगाची मेणावर, मेणाची फडक्यावर, फडक्याची पाण्यावर, पाण्याची त्या मुलाच्या हातांवर. त्याच्या बोटांच्या पेरांना पावसाळ्याआधीच भेगा होत्या. मेण कुठलं लावू, हा प्रश्न मी दुकानात विचारत होते, तोही खरं म्हणजे हाच होता: माझ्या गाडीच्या जागी झिजायला कोणाला उभं करू?

हे वाचताना अतिशयोक्ती वाटेल. मलाही वाटली. म्हणून मी डब्यांकडे वळले, तिथे तरी सोपं असेल म्हणून.

मेणाच्या डब्यांवर सगळ्यात मानाचं नाव असतं कार्नौबा. हे नाव मला गेली नऊ वर्षं पाठ आहे. मी नाशिकमध्ये गोळ्यांच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. साखरेचं कोटिंग केलेल्या गोळ्यांना शेवटची चमक देतात ती अनेकदा याच मेणाची. फिरत्या पॅनमध्ये गोळ्या गडगडत असतात, आत चिमूटभर मेणाची पूड पडते, आणि मळकट दिसणाऱ्या गोळ्या बघता बघता मोत्यांसारख्या होतात. जिलेटिनच्या गोळ्या-चॉकलेटांवर, लिपस्टिकमध्ये, बुटांच्या पॉलिशमध्येही ते असतं. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर ई-९०३ लिहिलेलं दिसलं तर ते हेच. नऊ वर्षांत त्याचा वितळणांक मी शेकडो वेळा तपासला असेल. ते येतं कुठून, हे एकदाही विचारलं नव्हतं. स्वतःच्या गाडीला लावायची वेळ आली तेव्हा विचारलं.

ब्राझीलच्या ईशान्य भागात, पियाउई, सिआरा आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते या कोरड्या राज्यांत हे ताडाच्या जातीचं झाड वाढतं. पाऊस गेला की उन्हाळा लांबलचक. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःच पानांवर मेणाचा थर चढवतं. म्हणजे मी गाडीला करू बघत होते तेच, फक्त त्याला त्याची खरी गरज आहे. कोरड्या महिन्यांत माणसं लांब बांबूच्या टोकाला बाकदार पातं बांधून खालून पानं कापतात. पानांच्या देठांना काटे असतात. कापलेली पानं उन्हात पसरून वाळवायची, मग झोडपून किंवा यंत्रात घालून त्यांवरची पूड झटकायची, पूड वितळवून मेण. कोवळ्या, न उलगडलेल्या पानांचं मेण फिकट पिवळं आणि महाग. झाड मरत नाही, नवी पानं काढतं. तिथे त्याला जीवनवृक्ष म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन पाण्यावर उतरू शकणाऱ्या छोट्या विमानातून थेट सिआराला गेले होते, आपल्या धंद्याचं हे झाड कसं आहे ते बघायला. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं. निदान बघायला गेला.

आणि मग २०१७ चं प्रकरण वाचलं. जर्मन दूरचित्रवाणीवरच्या एका माहितीपटानं मिठाईच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या या मेणाचा माग काढला होता. मजूर उघड्यावर किंवा ट्रकमध्ये झोपलेले, संडास नाही, पिण्याचं पाणी थेट नदीचं, न गाळलेलं. ब्राझीलच्या कायद्यात 'गुलामगिरीसदृश परिस्थिती' असा गुन्हाच आहे. माणसाला बांधून ठेवलं नसलं, तरी अमानुष अवस्थेत राबवलं तर तो लागू होतो. कार्नौबाच्या बागांवर छापे घालून तिथल्या कामगार निरीक्षकांनी मजुरांची सुटका केली आहे. असे मालक दोषी ठरले की त्यांची नावं सरकारच्या एका काळ्या यादीत जातात.

झालं, उत्तर मिळालं, असं मला वाटलं. कार्नौबा नको. सिंथेटिक घेऊ. पॉलिमरचं सीलंट कारखान्यात बनतं, काटे नाहीत, नदीचं पाणी नाही. हात स्वच्छ.

हे मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एका सहकाऱ्याला ऐकवत होते. तो बीडकडचा. शांतपणे चहा पीत होता. म्हणाला, "पातं बांधलेली काठी, कोरडा मोसम, उघड्यावर झोपणं. चहात साखर किती घेतेस तू?"

त्याचे आई-वडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे आमच्याच भागात. सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या फडांच्या कडेला पाचटाच्या कोप्या मी लहानपणी शाळेच्या बसमधून रोज बघितल्यात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायचं माप म्हणजे हत्यार. हे मला इतकं सवयीचं होतं, की ब्राझीलमधलं वाचून मला धक्का बसला आणि हे कधी प्रश्न म्हणून समोर आलंच नाही. दूरचा अन्याय डब्यावरच्या नावासारखा स्वच्छ वाचता येतो. घराजवळचा साखरेसारखा विरघळलेला असतो.

आणखी एक अडचण त्यानंच दाखवली. "मुकादम वाईट होता म्हणून लोकांनी साखर सोडली असती, तर आम्ही जानेवारीत काय खाल्लं असतं?" कार्नौबाच्या भागातही तेच आहे. शेती बंद असते त्या महिन्यांत या पानांवरच अनेक घरं चालतात. मी डबा न घेतल्यानं कोणाची सुटका होणार नाही. फार तर माझी होईल. आणि सिंथेटिक मेण शेवटी पेट्रोलियममधून येतं, ते काही तुळशीवृंदावनातून येत नाही.

इथे मी बरेच दिवस अडकले. नैतिक प्रश्नांचं हे एक चमत्कारिक असतं: धागा ओढायला गेलं की पूर्ण स्वेटर उसवतो, आणि मग माणूस म्हणतो, जाऊ दे, सगळंच असं आहे. 'सगळंच असं आहे' हे वाक्य मला फार संशयास्पद वाटायला लागलंय. ते म्हणून झालं की आपण परत होतो तिथे, हातात मोबाईल, एक हात वर.

आपल्या भाषेत झिजण्याला मोठा मान आहे. मनाच्या श्लोकांत रामदास मनापुढे चंदनाचा आदर्श ठेवतात. श्रद्धांजलीच्या लेखात आई झिजलेली असते, मास्तर झिजलेले असतात, कार्यकर्ते तर झिजतातच. मला यात खोट काढायची नाही. स्वतःहून झिजणं ही मोठीच गोष्ट असेल. पण चंदन सहाणेवर आपणहून जात नाही. कोणाचा तरी हात त्याला घासत असतो, आणि गंध त्या हाताच्या कपाळावर लागतो. रामदास हे मनाला सांगत होते, म्हणजे स्वतःला. आपण ते दुसऱ्यांना सांगतो, आणि तेही त्यांच्या मागे. आजी गेल्यावर सगळे म्हणाले, घरासाठी चंदनासारखी झिजली. कुणीच असं नाही म्हणालं, की आपण तिला घासली.

तर शेवटी मी काय घेतलं? वाचणाऱ्याला एवढं तरी कळायला हवं, शीर्षकात विचारलंय म्हणून. आधी साधा हिशेब सांगते. निव्वळ कार्नौबा दगडासारखं कठीण असतं, गाडीवर पसरतच नाही. त्यामुळे डब्यात नेहमी तेलं आणि द्रावकं मिसळलेली असतात, आणि झाकणावर 'शंभर टक्के' लिहिलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की आतलं मेण कार्नौबाचं आहे. त्याची चमक ऊबदार असते, खरंच सुंदर, पण ते सहा-आठ आठवडे टिकतं आणि आपल्या उन्हात त्याहून कमी. मे महिन्यात गडद बॉनेट ६०-७० अंशांपर्यंत तापतं. सिंथेटिक सीलंट चार-सहा महिने जातं, चमक जरा थंड, काचेसारखी. सिरॅमिक सगळ्यात टिकाऊ, पण आधी नीट पॉलिश करावं लागतं, म्हणजे नव्या गाडीचाही क्लिअर कोट थोडा जातोच. आणि ते नाइन-एच म्हणजे पेन्सिलीची कठीणता. नऊ नंबरच्या कठीण पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही एवढंच. मुंबई-आग्रा रस्त्यावरची खडी पेन्सिलीची नसते.

मी सीलंट घेतलं, ८५० रुपयांचं. नैतिक कारणानं नाही. दर दोन महिन्यांनी मेण लावण्याचा उत्साह माझ्यात नाही हे मला माहीत होतं, आणि मला धुवायला कमी पाणी लागणारी गाडी हवी होती. जूनच्या पहिल्या रविवारी सावलीत, थंड पत्र्यावर, एकेक भाग घेऊन लावलं. अगदी पातळ, जास्त लावलं की जास्त टिकतं असं नसतं, नुसतं फडकं जास्त वेळ फिरवावं लागतं. ओरखडे मी तसेच ठेवले. ते काढायचे तर पॉलिश, आणि पॉलिश म्हणजे झीज, आणि ती कशासाठी, तर एलईडीच्या दिव्याखाली रात्री कोणी बघितलं तर म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मुलाला सांगितलं, की तुमच्यासाठीही बघा कसं वाटतंय. तो म्हणाला, "सोपं जातंय ताई, मळ धरत नाहीये." मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आनंद झाला.

जुलैच्या बैठकीत मी दुसरी बादली मागितली. खूप बोलले, हातात कागद होता. पावसाळा चालू, टाकी भरलेली, तरी चर्चा अर्धा तास चालली. एकानं विचारलं, "तुमच्या गाडीला ओरखडे पडले म्हणून का?" हो, म्हणाले. खोटं कशाला बोलू? सुरुवात तिथूनच झाली होती. शेवटी दुसरी बादली मंजूर झाली. हातमोज्यांचे पैसे द्यायचे का, हा विषय पुढच्या बैठकीत. तो अजून पुढच्याच बैठकीत आहे. कारखान्यात मी पुरवठादाराकडे कार्नौबाच्या उगमाची कागदपत्रं मागणारी मेल पाठवली. उत्तरात वितळणांकाचा दाखला आला.

दसऱ्याला बाबा नाशिकला आले. त्यांच्यासमोर ती गोष्ट काढायची की नाही, हे मी महिनाभर ठरवत होते. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला काय सांगायचं, तुम्ही तेरा वर्षं प्रेमानं गाडीचा रंग खरवडून काढलात? न सांगण्यात दया होती, पण थोडा तुच्छपणाही होता, शोरूममधल्या मुलाच्या हसण्यासारखा. सीलंटचा दुसरा हात द्यायचा होता. आम्ही दोघं खाली उतरलो. मी त्यांच्या हातात राखाडी फडकं दिलं आणि लावता लावता सांगून टाकलं. पॉलिश वेगळं, मेण वेगळं. बनियन लाल व्हायची ती कशानं.

ते थांबले नाहीत, फडकं फिरवत राहिले. "माहीत होतं की," म्हणाले.

"कधीपासून?"

"तिसऱ्या-चौथ्या वर्षी. गॅरेजवाल्यानं सांगितलेलं, गुरुजी, असं घासू नका, पत्रा दिसेल."

"मग का घासत होतात?"

"सेकंडहँड होती ना." थोडा वेळ गेला. "तुझ्या आईच्या माहेरी सगळ्यांच्या नव्या गाड्या. दसऱ्याला तिकडे जायचं असायचं. एक दिवस तरी नवी दिसायला नको का?" मग म्हणाले, "गाडी टिकवायची आहे असं मी कधी म्हणालो होतो? तुम्हीच धरून चाललात."

मला काही बोलता आलं नाही. मी पलीकडच्या दरवाजाला लागले. बाबांनी बॉनेट पूर्ण पुसून काढलं, एक पाऊल मागे जाऊन बघितलं, मग हातातलं फडकं उलगडून उजेडात धरलं. त्यावर काहीच नव्हतं. त्यांनी ते उलटं केलं आणि दुसऱ्या बाजूनंही बघितलं.